एका दिव्याची गाडी

कामरेज चौकडीच्या, म्हणजे तिथल्या चौकाच्या, अलीकडे, हायवेला लागून सुपडूभाऊ निकम यांची टपरी आहे. तिथे गाडी घेऊन जाणार असाल तर आधीच सांगून ठेवते, घाईत जाऊ नका. 'जरा लवकर करा हं' असं म्हणालात की हा माणूस हातातला पाना खाली ठेवतो आणि चहा मागवतो. मी एकदा म्हणाले होते. लेकीकडे पोचेपर्यंत तिच्याकडच्या भाकरी गार झाल्या.

टपरीत काम एकच, गाड्यांचे दिवे. इंजिन, ब्रेक, टायर, काही म्हणजे काही नाही. पिवळी पडलेली काच आधी जाड, मग बारीक पॉलिशपेपरने पाणी मारून घासायची, गेलेला बल्ब बदलायचा, आणि मग गाडी समोरच्या पांढऱ्या भिंतीपुढे पंचवीस फुटांवर उभी करून दिव्याचा झोत नीट बसवायचा. भिंतीवर खडूच्या रेघा आखलेल्या आहेत. झोत रेघेच्या वर गेला तर समोरच्याचे डोळे दिपतात, फार खाली आला तर आपल्यालाच खड्डा दिसत नाही. हे सगळं ते मागचा एक स्क्रू अर्धा-पाव आटा फिरवून करतात. हल्ली पोरं गाड्यांना ते निळसर पांढरे एलईडी लावून फिरतात, समोर आले की वाटतं कोणीतरी तोंडावर चुना फेकला. तसली गाडी आली की सुपडूभाऊ दिवे काढून हातात देतात आणि म्हणतात, "लग्नाच्या मंडपात लावा." गिऱ्हाईक चिडून जातं. जाऊ दे म्हणतात.

एक दिवा गेलेली गाडी मात्र ते सोडत नाहीत. उसाची ट्रॉली असो, टेम्पो असो, एकच दिवा जळताना दिसला की अठ्ठावन्न वर्षांचा हा गृहस्थ हातवारे करत रस्त्याच्या कडेला धावतो. थांबली गाडी की बल्ब बसवून देतात. आणि गाडी कोणाचीही असो, निघताना बोनेटवर दोन थापा मारून एकच शब्द बोलतात, "दमानं."

मी महापालिकेच्या मराठी शाळेत शिक्षिका होते. आमची शाळा बमरोलीजवळ, सगळी खानदेशातून मिलमध्ये कामाला आलेल्यांची पोरं. निवृत्त झाल्यावर हट्टाने गाडी शिकले आणि दर रविवारी कतारगामहून कामरेजला लेकीकडे जाऊ लागले. सुपडूभाऊंना मात्र मी त्याच्या कितीतरी आधीपासून ओळखते. त्यांची पुतणी गायत्री माझ्या पहिलीच्या वर्गात होती.

सतरा वर्षांपूर्वीच्या त्या जूनमध्ये तिला शाळेत सोडायला हेच आले होते. महिन्याभरापूर्वी मोटरसायकलच्या अपघातात पोरीचे वडील गेले होते. गायत्रीच्या पायात टाचेला दिवे असलेल्या सँडल होत्या. पाऊल टाकलं की लाल दिवे लुकलुकायचे, आणि माझा अख्खा वर्ग फळ्याऐवजी तिच्या पायांकडे बघायचा. दुसऱ्या दिवशी मी भाऊंना दारातच अडवलं. "उद्यापासून साध्या चपला घालून पाठवा." त्या वेळी ते आडदांड ट्रक ड्रायव्हर होते, माझ्यासारख्या दोघी उचलतील असे. त्यांनी चक्क हात जोडले. "बाई, तेवढं राहू द्या. पाय मोठा झाला की सुटतील आपोआप." दोन वर्षं माझ्या वर्गाच्या व्हरांड्यात ते दिवे लुकलुकत होते. दरम्यान यांनी ट्रक विकला आणि दिव्यांची टपरी टाकली. का, ते कोणाला सांगितलं नाही.

त्यांच्या नावाची गोष्ट मला त्यांच्या बायकोने, मंगलाबाईंनी सांगितली. आधीची दोन भावंडं पाळण्यातच गेली, म्हणून हा जन्मल्याबरोबर आईने याला सुपात घातलं. पाखडून टाकलेला कोंडा समजून काळाने हात लावू नये म्हणून. सुपातला म्हणून सुपडू. सात वर्षांनी धाकटा झाला, तोवर घरातली भीती गेली होती, त्याला चांगलं ऋषीचं नाव मिळालं, वाल्मिक. जात्यातले रडतात आणि सुपातले हसतात अशी म्हण आहे आपल्याकडे. हा सुपातला मात्र मी कधी मोकळा हसलेला पाहिला नाही. आणि धाकट्या भावाचं नाव सतरा वर्षांत त्यांच्या तोंडून ऐकलं नाही. 'गायत्रीचे पप्पा' म्हणायचे, नाहीतर नुसतंच 'तो'.

बमरोलीत दोघा भावांच्या खोल्या शेजारी शेजारी. एकीत सुपडूभाऊ आणि मंगलाबाई, दुसरीत वाल्मिकची बायको मनीषा आणि गायत्री. या माणसाने भावजयीला आणि पुतणीला काही कमी पडू दिलं नाही, हे सगळी चाळ सांगेल. पण तीच चाळ दुसरंही सांगेल. अखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, खानदेशी माणसाचा दिवाळीएवढा सण. त्या दिवशी गेलेल्या माणसाच्या नावाने मातीची नवी घागर भरायची, वर खरबूज ठेवायचं, पाणी घालताना त्याला नावाने हाक मारायची. वर्षभराचा तहानलेला जीव त्या दिवशी पाणी प्यायला येतो म्हणतात. वाल्मिकची घागर भरायची कोणी? सख्ख्या भावाने. तो भाऊ त्या दिवशी पहाटेच उठून कामरेज गाठायचा. "अखाजीले रोडवर गर्दी ऱ्हास," एवढंच कारण. घागर भरायला मनीषाचा भाऊ दरवर्षी अमळनेरहून यायचा. मनीषा त्यावर कधी बोलली नाही, पण त्या रात्री परतलेल्या दिराच्या ताटात पुरणपोळी वाढताना तिचं तोंड दुसरीकडे असायचं. मलाही राग यायचा. मनात म्हणायचे, बल्ब बसवायला सगळ्या जगाच्या मागे धावतोस, आणि भावाला तांब्याभर पाणी देता येत नाही?

गायत्री आता तेवीस वर्षांची आहे. कतारगामला एका जुन्या हिऱ्याच्या कारखान्याच्या वरच्या मजल्यावर तिचं ऑफिस आहे. जिथे माणसं घंट्यांवर, म्हणजे घासायच्या फिरत्या चाकांवर, वाकून हिरे घासत, तिथे आता पोरीबाळी स्क्रीनपुढे बसतात. परदेशातली कुठली तरी कंपनी बिनड्रायव्हरची गाडी तयार करते आहे. त्या गाडीला रस्ता ओळखायला शिकवायचं काम या पोरींचं. रस्त्याचे फोटो येतात. प्रत्येक वस्तूभोवती चौकट काढायची आणि लिहायचं, हा ट्रक, ही बाई, ही म्हैस. असे लाखो फोटो बघून ती गाडी शहाणी होणार. मी म्हणाले, अगं, म्हणजे तू पहिलीचा वर्गच घेतेस की!

सुपडूभाऊंना या गाडीचं भारी वेड. दर रविवारी पुतणीला विचारायचे, "कधी येई ती गाडी?" गावाकडून येणाऱ्या माणसाची चौकशी करावी तसं. तिला डिपर, म्हणजे दिवा वर-खाली करून केलेली खूण, कळेल का? बंद पडलेल्या ट्रकमागे लिंबाची फांदी टाकतात, ते कळेल का? गायत्री हसून सांगायची, "हो मोठे बाबा, फांदीची पण चौकट आहे." मग ते पुन्हा विचारायचे, "पण येई कधी?" मला वाटे, म्हातारपणाचं खूळ आहे, दुसरं काय.

एकदा मीही त्यांना हसवायला गेले होते. नवी नवी हायवेला गेले, तेव्हा पुढच्या ट्रकने उजवा इंडिकेटर दिला. पुस्तकात लिहिलंय, उजवा इंडिकेटर म्हणजे गाडी उजवीकडे वळणार. मी आपली शहाण्यासारखी मागे राहिले. पाच किलोमीटर गेले तरी ट्रक काही वळेना. भाऊ म्हणाले, "बाई, तो वळत नव्हता. रस्ता मोकळा आहे, तुम्ही पुढे निघा, असं सांगत होता. आम्ही ट्रकवाले तसंच सांगतो." मी म्हणाले, बरं, पुढच्या वेळी निघेन. तर या माणसाचा चेहरा एकदम उतरला. "नाही निघायचं. डोळ्यांनी दिसल्याशिवाय कोणाच्या लाइटवर नाही निघायचं. मी सांगितलं तरी नाही."

यंदा अखाजीच्या तीन आठवडे आधीचा रविवार. दिवेलागणीची वेळ. माझ्या गाडीच्या काचा घासायला दिल्या होत्या आणि मी बाकावर चहा पीत बसले होते. गायत्री स्कूटीवरून आली. ऑफिसात तिची वरच्या जागेसाठी परीक्षा होती, इतरांच्या चौकटी तपासायचं काम मिळणार होतं. सरावाचे फोटो मोबाइलवर होते आणि सूचना इंग्रजीत, म्हणून ती मला शोधत आली होती. एका फोटोचं उत्तर तिचं चुकलं होतं, का ते कळत नव्हतं.

"मोठे बाबा, तुम्हीच सांगा ना. तुम्हाला लाइटचं सगळं कळतं." तिने मोबाइल त्यांच्या तोंडापुढे धरला. "ही काय आहे? गाडी का मोटरसायकल?"

मीही वाकून पाहिलं. संध्याकाळचा रस्ता, कडेला झाडं काळी झालेली. लांबवर, रस्त्याच्या एका कडेला, एकच दिवा. बाकी काही नाही.

"मोटरसायकलच की," मी म्हणाले.

"मीपण तेच लिहिलं. चूक दाखवतंय."

सुपडूभाऊंच्या हातातल्या ओल्या पॉलिशपेपरमधून पाणी त्यांच्या चपलेवर ठिबकत होतं. मी सूचना वाचल्या आणि मराठीत सांगितल्या. एकच दिवा दिसत असेल आणि वाहनाचा आकार दिसत नसेल तर मोटरसायकल लिहू नये. दुसरा दिवा बंद असू शकतो. अशा वेळी 'सांगता येत नाही' हा पर्याय निवडावा. अंदाज करू नये.

"हां, म्हणजे मग गाडी स्लो होते," गायत्री म्हणाली. "तिला कळलं नाही की ती पुढे घुसत नाही. मागेच राहते, नीट दिसेपर्यंत."

"सांगता येत नही," सुपडूभाऊ हळूच म्हणाले. "अशे बी सांगता येस?"

"हो. बटणच आहे तसं."

ते खाली बसले. बाकावर नाही, जमिनीवरच, माझ्या गाडीच्या चाकाला टेकून. मला वाटलं चक्कर आली. मी पाणी आणायला उठले, तर त्यांनी हातानेच बसा म्हटलं आणि गायत्रीकडे न बघता बोलू लागले.

सतरा वर्षांपूर्वीची, अखाजीच्या आदल्या दिवसाची गोष्ट. मनीषा आणि गायत्री आधीच गावी गेल्या होत्या, झाडाला अखाजीचा झोका बांधलेला होता. सुपडूभाऊ कापडाच्या गाठी भरून ट्रक धुळ्याला नेत होते. वाल्मिकने नवी मोटरसायकल घेतली होती, तो म्हणाला, मी तुझ्या मागे मागे येतो. नवापूर गेलं, विसरवाडी जवळ आली. सूर्य बुडाला होता. ट्रकमागे धूळ खाऊन वाल्मिक कंटाळला होता, हॉर्न वाजवून पुढे जाऊ दे म्हणत होता. पोरगी झोपायच्या आत त्याला घरी पोचायचं होतं. सुपडूभाऊंनी पुढे पाहिलं. समोरून एक दिवा येत होता, पार रस्त्याच्या कडेने. मोटरसायकल आहे, त्यांनी मनात म्हटलं. दोन मोटरसायकली आरामात निघतील. आणि उजवा इंडिकेटर दिला.

"ती जीप व्हती," ते म्हणाले. "कडना दिवा जळे, रोडना मधे व्हता तो बंद. मी दखं नही, पोरी. मी सांगं त्याले, ये म्हणीसन. त्यानी माले ईचारं बी नही. मोठा भाऊ सांगस, म्हणीसन ऊना."

मोटरसायकलच्या हँडलला एक पिशवी अडकवलेली होती. त्यात नव्या सँडल होत्या. रस्त्यावर पडल्या तरी त्यांच्या टाचेचे दिवे लुकलुकत होते.

सरकारी कागदावर दोष जीपचा ठरला, दिवा बंद होता म्हणून. इंडिकेटरचं कोणी विचारलं नाही आणि यांनी सांगितलं नाही. घागरीपुढे बसायचं तर त्याला नावाने हाक मारून 'ये' म्हणायला हवं. "एक डाव ये म्हनं," ते म्हणाले, "आते कोनता तोंडे म्हनू?"

गायत्री उभी होती तशीच उभी राहिली. मग तिने मोबाइल पर्समध्ये टाकला, स्कूटीला किक मारली, बटणावर चालू होते हे विसरून दोनदा मारली, आणि निघून गेली. सुपडूभाऊंचं तोंड उघडलं, पण रोजचा तो 'दमानं' काही बाहेर आला नाही. तिचा मागचा लाल दिवा पुलाखाली जाईपर्यंत ते बघत होते. माझ्या गाडीची एकच काच घासून झाली होती. मी तशीच लेकीकडे गेले आणि वाटेत एकदा गाडी कडेला घेऊन रडले. भावासाठी एवढी वर्षं झुरणाऱ्या माणसाला मी मनातल्या मनात किती बोलले होते.

पुढचे दोन रविवार टपरी बंद. दुसऱ्या रविवारी संध्याकाळी गायत्री माझ्या घरी आली. बसली, पाणी प्यायली, म्हणाली, "बाई, मला पप्पांचा चेहरा आठवत नाही. पाठ आठवते, मोटरसायकलवर मागे बसायचे ना मी. आणि त्या सँडल. त्या मोठ्या बाबांनी आणल्या असं मला वाटायचं."

मी तिच्याजवळ सरकून बसले.

"मला त्यांचा खूप राग येतो. पंधरा दिवस बोलले नाही त्यांच्याशी. ते जेवत नाहीत, मोठी आई रडते, मला तरी बोलावंसं वाटत नाही." मग तिने मोबाइल काढला. तोच फोटो. "पण मी हा फोटो रोज बघते. ऑफिसमध्ये, बसमध्ये, घरी. आता उत्तर माहीत आहे ना मला? तरीपण बाई, मला मोटरसायकलच दिसते."

तिने तो दिवा बोटांनी मोठा करून पाहिला. "मीपण तेच लिहिलं होतं," ती म्हणाली. "माझ्या लिहिण्याने कोणी मेलं नाही, एवढाच फरक."

अखाजीला मनीषाने मला जेवायला बोलावलं. गेले तर आमरसाचा वास दारापर्यंत आलेला, आणि दोन्ही खोल्यांच्या मधल्या ओट्यावर सुपडूभाऊ उभे. अंघोळ केलेली, पांढरा सदरा, आणि त्या सदऱ्यात माणूस अर्धा झालेला. त्या दिवशी ते पहाटे कामरेजला गेले नव्हते. मनीषाचा भाऊही आला नव्हता. नंतर कळलं, गायत्रीनेच मामाला फोन करून येऊ नका म्हणून सांगितलं होतं. आत पाटावर नवी घागर, वर खरबूज, शेजारी दोन आंबे आणि सांजोऱ्या.

सुपडूभाऊ उंबऱ्याबाहेरूनच बोलले. भावजयीशी कधी दोन वाक्यांवर बोलले नसतील, त्या दिवशी सगळं सांगितलं. एक दिवा, इंडिकेटर, सगळं. मंगलाबाईंनी तोंडाला पदर लावला. त्यांनाही हे पहिल्यांदाच कळत होतं. मनीषा चुलीकडे तोंड करून ऐकत होती. तव्यावरची पोळी जळाली, तरी तिने उलटली नाही.

मग ती म्हणाली, "सतरा वरीस माले वाटे, भाऊ, तुमी त्यास्ले ईसरी गयात."

"ईसरू कसा, माय," ते म्हणाले.

मनीषाने जळकी पोळी खाली काढली, दुसरी टाकली. पदराने डोळे पुसले. आत या म्हणाली नाही, नका येऊ असंही म्हणाली नाही. तेवढ्यात गायत्री उठली. पाण्याने भरलेला तांब्या घेऊन उंबऱ्यापाशी आली आणि तो तिने त्यांच्यापुढे धरला.

"माफ वगैरे मला अजून जमत नाही, मोठे बाबा," ती म्हणाली. "पण पप्पांना तहान लागली असेल. औंदा घागर तुम्ही भरा."

सुपडूभाऊंनी तांब्या घेतला. उंबरा ओलांडून ते आत आले. ते घागरीपुढे बसले. मंगलाबाई म्हणाल्या, नाव घ्या. गायत्री भाऊंच्या शेजारी बसली.

"वाल्मिक," ते म्हणाले. सतरा वर्षांनी. पाण्याची बारीक धार त्यांनी घागरीत धरली, आणि जणू तो मागून हॉर्न वाजवतो आहे असे किंचित मान वळवून म्हणाले, "भाऊ, घाई करू नको. दमानं ये."